कॉलेज सांभाळून कॅरेक्टर ॲनिमेशन कसं शिकायचं (आणि मी कुठं कुठं माती खाल्ली)

मी पुण्यात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला होते, हॉस्टेलला राहायचे, आणि दुसऱ्या वर्षापासून रात्री जेवण झालं की ॲनिमेशन करत बसायचे. आता तेच पोटापाण्याचं काम आहे. त्यामुळे ज्युनिअर पोरंपोरी सारखं विचारतात, ताई कुठून सुरू करू, कुठला लॅपटॉप घेऊ, कुठला क्लास लावू, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. एक आधीच सांगते, हे सगळं थ्रीडी कॅरेक्टर ॲनिमेशनबद्दल आहे, म्हणजे तयार पात्र घ्यायचं आणि त्याला चालवायचं, बसवायचं, रडवायचं, बोलवायचं. मॉडेलिंग, लायटिंग, इफेक्ट्स हे वेगळे धंदे आहेत. पहिल्या वर्षी सगळंच शिकायला गेलात तर काहीच येणार नाही.

सॉफ्टवेअरचा निकाल आधी लावून टाकू कारण त्यावर लोक विनाकारण सहा महिने घालवतात. ब्लेंडर घ्या. फुकट आहे, कायमचं फुकट आहे, आणि २०२५ साली ज्या लॅटव्हियन फिल्मला ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं ती ब्लेंडरमध्येच केलेली आहे, त्यामुळे फुकटातलं म्हणजे पोरखेळ असं कुणी म्हणालं तर हे सांगा. मोठ्या स्टुडिओत माया चालतं हेही खरं आहे, आणि ते बनवणारी कंपनी ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना मायाचं एक वर्षाचं लायसन्स फुकट देतं, विद्यार्थी असेपर्यंत ते रिन्यूही होतं, फक्त पैशाच्या कामाला वापरायचं नाही. म्हणजे क्रॅक टाकून लॅपटॉपमध्ये व्हायरस घ्यायचं काहीच कारण नाही. मी ब्लेंडरवर शिकले आणि शेवटच्या वर्षी माया दोन महिन्यात उचललं, बटणं बदलतात, बाकी काही बदलत नाही.

पात्र स्वतः बनवू नका. ब्लेंडर स्टुडिओच्या साईटवर रेन आणि स्नो नावाचे दोन रिग फुकट मिळतात, चांगले आहेत, फक्त वापरले की नाव द्यायचं. रिग म्हणजे पात्राच्या आतला सांगाडा आणि त्याला हलवायच्या मुठी, एवढं समजलं तरी सुरुवातीला बास.

लॅपटॉप माझा ८ जीबी रॅमचा होता आणि ग्राफिक कार्डाच्या नावाने ठणठण गोपाळ. चालतं. आपल्याला रेंडर, म्हणजे रंग-प्रकाशासकट पक्कं चित्र, करायचं नसतं, राखाडी रंगाचं पात्र नीट हललं तरी काम झालं. पण इथंच मी पहिली मोठी माती खाल्ली ती सांगते म्हणजे तुमचे दोन महिने वाचतील.

मी पात्राला पळवत होते आणि ते सारखं संथ वाटायचं, पाण्यात पळाल्यासारखं. मग मी कीज (म्हणजे कुठल्या क्षणाला पात्र कुठल्या पोजमध्ये हवं त्याच्या खुणा) जवळ जवळ आणायचे, अजून जवळ, शेवटी जरा बरं दिसायला लागलं म्हणून व्हिडिओ काढून मोबाईलवर बघितला तर पात्र उंदरासारखं तुरुतुरु पळतंय. झालं असं होतं की माझा लॅपटॉप सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं, दाखवतच नव्हता, १३-१४ दाखवत होता, आणि मी त्या रडक्या स्पीडवर भरवसा ठेवून टायमिंग ठरवत होते. व्ह्यूपोर्टच्या, म्हणजे पात्र दिसतं त्या खिडकीच्या, वरच्या कोपऱ्यात तो आकडा दिसत असतो, कमी पडला की लाल होतो, मी आठ आठवडे तो लाल आकडा बघून सोडून देत होते. तर तीन गोष्टी करा. टाइमलाइनच्या प्लेबॅक मेनूत जाऊन 'फ्रेम ड्रॉपिंग' निवडा, मग मधल्या फ्रेम गाळल्या जातात पण वेळ खरी राहते. आवाज असेल तर 'सिंक टू ऑडिओ'. रेंडरच्या सेटिंगमध्ये 'सिम्प्लिफाय' आहे ते चालू करून सबडिव्हिजन (पात्र गुळगुळीत दिसावं म्हणून केलेले बारीक तुकडे) शून्यावर आणा, रिग एकदम हलकं होतं. आणि तरीसुद्धा दर अर्ध्या तासाने व्ह्यूपोर्ट रेंडर काढून व्हिडिओ म्हणूनच बघा, लॅपटॉपच्या प्लेबॅकवर विश्वास ठेवू नका म्हणजे नका.

आता बॉल

सगळीकडे सांगतात की बाउन्सिंग बॉलपासून सुरुवात करा, आणि सगळेजण तो एका संध्याकाळी उरकून पुढं पळतात कारण बोअर होतं. मीही उरकला होता. माझे एक सिनिअर होते, ते प्रत्येक शॉट बघून एकच प्रश्न विचारायचे, "वजन कुठंय?" तेव्हा राग यायचा. बॉल दाखवला, वजन कुठंय. चाल दाखवली, वजन कुठंय. नंतर कळलं की बाबा, कॅरेक्टर ॲनिमेशनमध्ये याच्याशिवाय दुसरा प्रश्नच नाहीये, बाकी सगळं याच्याच पोटातून येतं.

करून बघा. टेबलाच्या कडेवरून लिंबू खाली सोडा आणि मोबाईलने शूट करा. टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतं. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर लिंबू जमिनीला टेकायला सव्वानऊ-साडेनऊ फ्रेम लागतात, अर्धा सेकंदसुद्धा नाही. पहिल्या फ्रेमला ते जेमतेम ८-९ मिलीमीटर खाली येतं, दुसऱ्या फ्रेमला अजून अडीच सेंटीमीटर, तिसऱ्याला सव्वाचार, असं वाढत वाढत नवव्या फ्रेमला एकट्या एका फ्रेममध्ये साडेचौदा सेंटीमीटर. १, ३, ५, ७ असं ते प्रमाण आहे, अकरावीच्या फिजिक्समधलंच, तेव्हा कुणी सांगितलं असतं की याचे पुढं पैसे मिळणारेत तर मन लावून केलं असतं. फ्रेम किती लागल्या याला टायमिंग म्हणतात आणि प्रत्येक फ्रेमला किती सरकलं याला स्पेसिंग. नव्वद टक्के नवखे लोक टायमिंग बरोबर ठेवतात आणि स्पेसिंगमध्ये मार खातात, बॉल वरपासून खालपर्यंत सारख्याच वेगाने येतो आणि लिफ्टमधून उतरल्यासारखा दिसतो.

आता दुसरा प्रयोग, हा खरा. त्याच टेबलावरून लिंबाच्या जागी शाळेतला गोळाफेकीचा लोखंडी गोळा सोडला (कल्पनेत सोडा, फरशी फुटेल) तर किती फ्रेम? तेवढ्याच. साडेनऊ. मी कित्येक जणांचे शॉट बघते ज्यात जड वस्तू धाडकन दोन फ्रेममध्ये खाली येते कारण जड आहे ना. नाही. पडताना वजन दिसतच नाही. वजन दिसतं आदळल्यावर. लिंबू जरासं उडतं, टेनिस बॉल निम्म्याच्या थोडा वर उडतो, लोखंडी गोळा उडतच नाही, थोडा गडगडतो आणि तिथंच बसतो. आणि दिसतं उचलायच्या आधी. लिंबू उचलताना नुसते बोटं जातात, गोळा उचलताना आधी पाय फाकतात, कंबर खाली जाते, श्वास धरला जातो. म्हणजे वजन त्या वस्तूत दाखवायचं नसतं, त्याच्या आधी आणि नंतर दाखवायचं असतं. १९८१ साली डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी ॲनिमेशनची जी बारा तत्त्वं लिहून ठेवली, जी सगळ्या क्लासमध्ये पाठ करून घेतात, त्यातली अँटिसिपेशन (आधीची तयारी), फॉलो थ्रू (थांबल्यावरही मागून येणारी हालचाल), स्लो इन स्लो आउट (हळू सुरू, हळू बंद) ही सगळी यातच बसतात. पाठ करू नका, लिंबू टाका.

ग्राफ एडिटरला घाबरू नका, बॉल करतानाच त्याच्याशी मैत्री करा. उभ्या बाजूला उंची, आडव्या बाजूला वेळ, आणि त्यात हालचालीची जी रेघ दिसते ती जेवढी चढी तेवढा वेग जास्त. बॉल वर असतो तिथं रेघ गोल टेकडीसारखी हवी आणि जमिनीला लागतो तिथं टोकदार व्ही. ब्लेंडर आपणहून ते टोकही गोल करून ठेवतं, मग बॉल गादीवर पडल्यासारखा दिसतो. त्या कीचं हँडल (रेघेला वळण देणारी दांडी) बदलून टोक काढा. एवढंच.

महिनाभर हेच करा. एक हलका बॉल, एक जड, एक दोन पायऱ्या उतरून येणारा. मग बॉलला शेपूट लावा. मग बॉलला पाय लावा. माणूस नको अजून.

चाल

चालीवर लोकांनी पुस्तकंच्या पुस्तकं लिहिलीत म्हणून मी थोडक्यात सांगते. साधी चाल म्हणजे एका पावलाला १२ फ्रेम. पहिल्या फ्रेमला पुढच्या पायाची टाच टेकते. चौथ्याला अंग सगळ्यात खाली, गुडघा वाकून वजन घेतो. सातव्याला मागचा पाय पुढच्याच्या बाजूने जातो. दहाव्याला अंग सगळ्यात वर. तेराव्याला दुसरी टाच. हात पायाच्या उलटे. आता हे सगळं बरोबर करूनही माझं पात्र चालत नव्हतं, लोंबकळत होतं. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या बघितल्या असतील तर कळेल मी काय म्हणतेय, बाहुली वरून दोऱ्यांनी धरलेली असते, पाय जमिनीला लागतात पण जमिनीवर भार पडत नाही. तिथं ती गंमत आहे, आपल्याकडे तो दोष. माझ्या पात्राची कंबर मधोमध सरळ पुढं जात होती. खरं तर सातव्या फ्रेमला माणूस एका पायावर उभा असतो, तेव्हा कंबर त्या पायावर सरकायलाच पाहिजे, नाहीतर पडेल. उठा आणि एका पायावर उभे राहून बघा, आपोआप सरकते. मी कंबर थोडीशी त्या बाजूला नेली आणि दोन्ही खांदे तिरपे केले, तर पात्र पहिल्यांदा जमिनीवर उभं राहिलं. त्या रात्री मी रूममेटला झोपेतून उठवून दाखवलं. तिने "छान" म्हणून पांघरूण ओढून घेतलं.

चालीचे अजून दोन रोग सांगते. पाय घसरणे, म्हणजे टेकलेला पाय फरशीवरून सरकतो, आणि गुडघ्याचा झटका, म्हणजे पाय पूर्ण सरळ होताना गुडघा टक्कन उडतो. दुसऱ्याचं औषध गुडघ्यात शोधू नका, कंबरेत असतं, कंबर फार वर गेलेली असते. जरा खाली आणा.

मेसच्या काकू आणि स्वारगेटचे आजोबा

माझा पहिला खरा शॉट होता, एक बाई भाजीची भरलेली पिशवी घेऊन चालतेय. तीन आठवडे घासून केला आणि मेसच्या काकूंना मोबाईलवर दाखवला. काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "पिशवी रिकामीच दिसतेय की गं हिची." संपलं. मग त्यांनीच सांगितलं, भरलेली पिशवी असली की दुसरा हात लांब जातो आणि माणूस पिशवीच्या उलट्या बाजूला कलतो, आणि पिशवी पायाला लागते म्हणून त्या बाजूचं पाऊल जरा बाहेरून पडतं. यातलं एकही मी केलं नव्हतं. त्या दिवसापासून मी शॉट आधी ॲनिमेशनवाल्यांना दाखवतच नाही. आवाज बंद करून कुणालाही दाखवते आणि विचारते, काय चाललंय, ती वस्तू किती जड आहे, हा माणूस खूश आहे का. "कसं झालंय" असं विचारलं की सगळे छानच म्हणतात, काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट आजोबांची. दर दोन आठवड्यांनी मी कराडला घरी जायचे, त्यामुळे स्वारगेट स्टँड आणि एसटी हाच माझा स्टुडिओ. एकदा एक आजोबा गाडीतून उतरत होते, उजवा गुडघा दुखरा. मी ते बघून शॉट करायला घेतला आणि पात्राला दुखरा पाय वर ठेवून चांगला पाय आधी खाली टाकायला लावला, कारण मला वाटलं चांगल्या पायावर उतरणं सोपं. बघताना काहीतरी खटकायचं, कळत नव्हतं. पुढच्या खेपेला मुद्दाम थांबून बघितलं तर उलटं असतं. दुखरा पाय आधी खाली जातो, कारण वर राहिलेल्या पायाला वाकून अख्खं अंग तोलत खाली सोडायचं असतं, ते काम चांगल्या गुडघ्याचं. आणि त्याच्याही आधी काय झालं, त्यांनी पिशवी खालच्या पोराच्या हातात दिली, मग दोन्ही हातांनी दांडी धरली, अंग तिरपं केलं, दुखरा पाय पायरीवर, मग दुसरा पाय त्याच पायरीवर शेजारी, पुढच्या पायरीवर नाही. शेवटी दोन्ही पाय जमिनीवर टेकले, धोतर सारखं केलं, आणि हात तरी दांडीवरच. पाय पोचल्यावरसुद्धा हाताचा जमिनीवर विश्वास बसायला वेळ लागतो. तो उशिरा सुटणारा हात मी स्वतःच्या डोक्याने शंभर वर्षांत सुचवला नसता.

तर रेफरन्स, म्हणजे खऱ्या हालचालीचा नमुना, घ्या, पण लोकांचे चोरून व्हिडिओ काढत बसू नका, ते बरं नाही. बघा, वहीत काड्यांची माणसं काढा, मग हॉस्टेलवर येऊन स्वतः करून स्वतःचा व्हिडिओ काढा. आम्ही कॉरिडॉरमध्ये दोन खुर्च्या लावून एसटीची पायरी केली होती, रेक्टर मॅडमना काय समजावलं ते विचारू नका. पाण्याची भरलेली बादली खरंच उचला, रिकामी उचलून नाटक केलं तर ते नाटक शॉटमध्ये उतरतं. एक तांत्रिक गोष्ट, मोबाईल व्हिडिओचा फ्रेम रेट कमीजास्त होत असतो, तसाच ब्लेंडरमध्ये घेतला तर फ्रेम मोजताना गोंधळ होतो. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात २४ टाकून 'कॉन्स्टंट' निवडून बदलून घ्या. आणि रेफरन्स फ्रेम टू फ्रेम छापू नका. वजन कधी कुठल्या पायावर गेलं तेवढं त्यातून काढून घ्या आणि व्हिडिओ बंद करा.

शॉट करायची पद्धत

तीन सेकंदाचा शॉट घ्या, ७२ फ्रेम. त्याहून मोठा नको, खरंच नको. मी दुसऱ्या वर्षी शिवाजी महाराजांच्या काळातली दहा मिनिटांची फिल्म काढायला निघाले होते, तिचं पोस्टर तेवढं झालं.

वहीत आधी पोज काढा, चार-पाच. मग ब्लेंडरमध्ये त्या पोज लावा आणि प्रत्येक पोजला सगळ्या कंट्रोलना (म्हणजे रिगच्या त्या मुठींना) की द्या, 'आय' दाबून, एखाद्यालाच नाही. इंटरपोलेशन (दोन कीजच्या मधलं कसं भरायचं ते) 'कॉन्स्टंट' ठेवा म्हणजे पात्र एका पोजवरून टणकन दुसऱ्या पोजवर उडी मारेल, मधलं काही दिसणार नाही. याला ब्लॉकिंग म्हणतात. ते फोटोंच्या मालिकेसारखं दिसतं पण गोष्ट कळली पाहिजे. इथंच टायमिंग हलवून घ्या, इथं स्वस्तात होतं. मग मधल्या पोज टाका, म्हणजे ब्रेकडाउन, एका पोजमधून दुसरीत जाताना आधी काय निघतं, कंबर का डोकं का हात. बहुतेक वेळा कंबर. वळून बघायचं असेल तर डोळे डोक्याच्या दोन-तीन फ्रेम आधी, आणि वळता वळता एक पापणी.

मग स्प्लाइन करायचं, म्हणजे कॉम्प्युटरला मधल्या फ्रेम भरायला सांगायचं, आणि इथं प्रत्येकाचं हृदय फुटतं. ब्लॉकिंगमध्ये झकास दिसणारा शॉट एका क्लिकमध्ये चिखल होतो, सगळं तरंगायला लागतं. घाबरू नका, सगळ्यांचं होतं. कारण एवढंच की तुमच्या पोजमध्ये बारा-बारा फ्रेमचं अंतर आहे आणि मधलं कॉम्प्युटरने ठरवलंय, त्याला वजन बिजन काही कळत नाही. परत मागं जा, दर तीन-चार फ्रेमला पोज येईपर्यंत ब्रेकडाउन टाका, मग स्प्लाइन करा. पुढं एका वेळी एकच, आधी फक्त कंबर साफ करा, बाकी सगळं लपवून. कंबर बरोबर झाली की अर्धा शॉट झाला. मग छाती, डोकं, हात, बोटं सगळ्यात शेवटी.

फाईल प्रत्येक टप्प्याला नवीन नंबरने सेव्ह करा आणि रोज ड्राइव्हवर टाका. सबमिशनच्या दोन दिवस आधी माझी हार्ड डिस्क गेली होती, पुढचं लिहवत नाही.

मराठीत ओठ हलवणे

हे कुणी शिकवत नाही कारण सगळे ट्युटोरियल इंग्लिशचे असतात, म्हणून जरा सविस्तर. सिनेमातले डायलॉग घेऊ नका, तेच पाच डायलॉग सगळ्यांच्या रीलमध्ये (म्हणजे काम मागताना दाखवायच्या निवडक शॉटच्या व्हिडिओत) असतात. बहिणीला, मित्राला बोलायला सांगा, पांघरुणात मोबाईल धरून रेकॉर्ड करा, चांगला आवाज येतो.

समजा वाक्य आहे, "बाबा, मी आलेच, पाचच मिनिटं थांबा." आरशासमोर म्हणा, हळू नाही, नेहमीच्या स्पीडने. ओठ कुठं मिटतात ते मोजा. बा, बा, मी, पा, मि, आणि शेवटचा म्‌-बा. सहा. हे सहा सोडायचे नाहीत, प, ब, भ, म आला आणि ओठ मिटले नाहीत तर बघणाऱ्याला लगेच खोटं वाटतं, आणि मिटले की निदान दोन फ्रेम मिटलेले ठेवा, एक फ्रेम डोळ्याला लागत नाही. 'थांबा' मधला मिटलेला जरा जास्त टिकतो कारण म आणि ब जोडून आलेत. ल, च, ट, न हे सगळे तोंडाच्या आत जिभेने होतात, बाहेरून फारसे दिसत नाहीत, त्यांना वेगळा आकार द्यायला गेलात तर पात्र चघळल्यासारखं दिसेल. आमचा ळ बिचारा एवढा अभिमानाचा, पण ॲनिमेशनमध्ये तो अदृश्य आहे. उरले स्वर, आ ला जबडा खाली, ई आणि ए ला ओठ रुंद, उ आणि ओ ला चंबू. या वाक्यात चंबू एकदाही नाही. ओठांच्या कीज आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी सरकवा, बरोबर वाटतं.

पण ओठ सगळ्यात शेवटी. आधी तोंड बंदच ठेवून अख्खा शॉट करा. "पाचच मिनिटं" म्हणताना पोरगी एका पायावर भार टाकून दाराकडे कलली असेल तर तिला पळायचंय, दोन्ही पायांवर सारखी उभी असेल तर ती बाबांना टोलवतेय. म्हणजे परत तेच, वजन कुठंय.

कॉलेज, क्लास, पैसे

रोज ४५ मिनिटं. रविवारी आठ तास बसेन म्हणाल तर रविवारी लग्न निघतं, कपडे धुवायचे असतात, झोप येते. आणि रोज बघितलं की कालच्या शॉटमधली चूक सकाळी ताज्या डोळ्याला दिसते. परीक्षेच्या महिन्यात सोडून द्या, फक्त वहीत स्केच करा, गिल्ट घेऊ नका. माझा चार सेकंदाचा शॉट तीन आठवडे खायचा, आता आठवड्यात होतो.

क्लासबद्दल, मी एक लावला होता, नाव नको, फी लाखाच्या घरात, बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलं. नऊ महिने मेनूतलं कुठलं बटण काय करतं ते शिकवलं, माझा एकही शॉट कुणी फ्रेम पुढंमागं करून बघितला नाही. सगळे क्लास वाईट असतात असं नाही म्हणत. पण पैसे भरायच्या आधी एकच विचारा, माझ्या शॉटवर दर आठवड्याला कोण बोलणार आणि तो माणूस सध्या काम करतो का. आणि मागच्या बॅचच्या चार मुलांचे रील मागा, सगळ्यांत तेच रोबोट आणि तीच गाडी दिसली तर उठून या.

पदवीनंतर नीट शिकायचंच असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन स्कूलमध्ये ॲनिमेशनचं एम.डेस., म्हणजे डिझाइनची मास्टर्स, आहे, सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, त्या परीक्षेला कुठल्याही शाखेची तीन वर्षांची पदवी चालते, म्हणजे कॉमर्सवालेही बसू शकतात. अहमदाबादला एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, आहे. आणि घरच्यांना हे खूळ परदेशी वाटत असेल तर सांगा, १९५६ साली डिस्नेचे क्लेअर वीक्स मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये येऊन शिकवून गेले, राम मोहन वगैरे आपले जुने ॲनिमेटर तिथंच तयार झाले, आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९१२ मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतला वाटाण्याचा अंकुर थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम टिपून वाढताना दाखवला आणि त्यावर भांडवल मिळवलं. माझ्या बाबांना हा वाटाणा पटला.

रील

एक मिनिट, जास्तीत जास्त. सगळ्यात भारी शॉट पहिला, कारण बघणारा पहिल्या दहा सेकंदात ठरवतो. राखाडी रेंडर चालतो, गाणं नसलं तरी चालतं, असलं तर हळू. नाव आणि ईमेल सुरुवातीला आणि शेवटी. रिग कुणाचा ते लिहा. क्लासमधला बॉल टाकू नका. एखादा शॉट ठेवू का नको असं वाटलं तर काढा, तीन चांगले शॉट पुरतात. गेमिंगच्या कंपनीत टाकणार असाल तर चालणे, पळणे, नुसतं उभं राहणे असे लूप (परत परत फिरत राहणाऱ्या हालचाली) लागतात, सिरीयल किंवा फिल्मच्या स्टुडिओला अभिनयाचे शॉट, दोघांना एकच रील पाठवू नका.

माझ्या रीलमध्ये पहिला आजोबांचाच होता, चौथ्यांदा केलेला. मुलाखतीला समोरच्या बाईंनी तो शेवटच्या बाजूला नेऊन एकेक फ्रेम पुढं ढकलत बघितला, पाय टेकले, धोतर, आणि मग दांडीवरच्या हाताशी येऊन थांबल्या. "हा हात इतका उशिरा का?" मी म्हटलं, कराडची गाडी आहे मॅडम, उतरताना ड्रायव्हर थांबेलच असं नाही.